मुलाखत संपल्यावर लिहायचं पत्र

(पदवीच्या शेवटच्या वर्षात असलेल्या आणि नोकरी शोधणाऱ्या तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



चहाच्या आधी मी तुम्हाला दोन प्रश्न विचारले होते. आतापर्यंत नोकरीसाठी मुलाखत किती जणांनी दिली आहे? निम्म्याहून जास्त हात वर आले. मुलाखत झाल्यावर, ती घेणाऱ्याला आभाराचे चार शब्द लिहून किती जणांनी पाठवले? दोन हात. त्यातलाही एक अर्धाच वर होता. मग चहा घेताना एक मुलगा माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "मॅडम, नोकरी मिळायच्या आधीच आभार मानायचे म्हणजे मस्का लावल्यासारखं नाही का वाटत?"

प्रश्न रास्त आहे. आज त्याचंच उत्तर देते. सुरुवात माझ्या अब्बांपासून करावी लागेल, कारण वीस वर्षांपूर्वी त्यांनीही मला हेच विचारलं होतं.

मी इचलकरंजीची. अब्बा यंत्रमागावर कामाला होते. मी बी.कॉम. झाले आणि कोल्हापूरच्या एका कंपनीत अकाउंट्समधल्या जागेसाठी मला मुलाखतीचं बोलावणं आलं. आमच्या घरातली ही पहिलीच मुलाखत. अब्बांच्या कामाची रीत वेगळी होती. ओळखीच्या जॉबरनं कारखानदाराकडे शब्द टाकला की दुसऱ्या दिवशी पाळीवर जायचं. तिथे कुणी कुणाला प्रश्न विचारत नसे आणि कुणी कुणाला पत्रही लिहीत नसे.

मुलाखतीला समोर तिघे होते. त्यातल्या एका बाईंनी विचारलं, "कॅशबुकातली बँकेची शिल्लक आणि पासबुकातली शिल्लक यांत फरक का पडतो?" ही गणितं मी कॉलेजात वह्या भरभरून सोडवली होती. पण तोंड कोरडं पडलं आणि मी म्हणाले, "आठवत नाही." परतीच्या बसनं पंचगंगेचा पूल ओलांडला आणि मला अख्खं उत्तर आठवलं. आपण दिलेला चेक अजून बँकेत वटलेला नसतो, बँकेनं कापलेलं शुल्क आपल्या वहीत चढलेलं नसतं, वगैरे वगैरे. घरी येऊन मी रडले.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातल्या सरांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मग त्यांना पत्र लिही. वेळ दिला म्हणून आभार मान, आणि राहिलेलं उत्तर दोन ओळींत लिहून टाक." मी रेघांच्या कागदावर पत्र लिहायला बसले. अब्बांनी विचारलं, काय लिहितेस? मी सांगितलं. ते म्हणाले, "उनों ने अब्बी दिया क्या? शुक्रिया काईकू?"

त्या वेळी माझ्याकडे उत्तर नव्हतं. सरांनी सांगितलं म्हणून लिहिलं आणि पोस्टात टाकलं.

ती नोकरी मला मिळाली नाही. पण दहा-बारा दिवसांनी कंपनीकडून दोन ओळींचं उत्तर आलं. प्रश्न विचारणाऱ्या त्याच बाईंनी लिहिलं होतं, की ज्यांना घेतलं त्यांना टॅली येत होतं. तुम्ही टॅली शिकून घ्या, तुमचा पाया चांगला आहे. अब्बांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "ना बोले, मगर बोले तो सही."

नकार तर आपल्यातल्या बहुतेकांना मिळतो. तो का मिळाला हे मात्र फार थोड्यांना कळतं. मला कळलं. मी टॅलीचा क्लास लावला आणि पुढची नोकरी मला त्यावरच लागली.

आता मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसते. पुण्यात खासगी कंपन्यांमध्ये नोकरभरतीचं काम करते. तुम्ही खोलीतून बाहेर पडल्यावर आत काय होतं, ते तुम्हाला सांगते. कारण या पत्राचं खरं कारण तिथेच आहे.

समजा दिवसभरात आम्ही आठ जणांना भेटलो. संध्याकाळी सहाला आम्ही तिघे-चौघे अर्ज पुढ्यात घेऊन बसतो. डोकं थकलेलं असतं. दोन जण सरळ पुढे असतात, तिघे सरळ बाद होतात. उरलेले तिघे जवळपास सारखे असतात. त्यांच्याबद्दल बोलताना आम्ही म्हणतो, "तो दुसरा, चष्मेवाला," किंवा "ती, जिला एक्सेलचं विचारलं ती." नावंसुद्धा धड लक्षात नसतात. आणि नेमकं त्या वेळी कुणीतरी म्हणतं, "तो तिसरा ना, माझ्या मित्राचा पुतण्या आहे. घर चांगलं आहे, मुलगा टिकेल." हे म्हणणारा माणूस वाईट नसतो. तो खोटंही बोलत नसतो. पण त्या एका वाक्यानं तिसऱ्याला चेहरा मिळतो. बाकीचे दोघे कागदावरच राहतात.

आपली अडचण ही आहे. अशा खोल्यांमध्ये आपले काका, मामा, अब्बांचे दोस्त सहसा बसलेले नसतात. आपण बाहेर पडलो की आपल्यासाठी बोलणारं आत कुणी उरत नाही. जॉबरनं टाकलेला शब्द यंत्रमागावर चालत होता. ऑफिसात तो शब्द टाकणारं आपल्याकडे कुणी नाही. मुलाखतीनंतरचं पत्र तेवढंच एक काम करतं. आपण गेल्यावर ते आपल्या नावानं त्या टेबलावर राहतं. म्हणून मला त्यात लाचारी दिसत नाही. मस्का म्हणजे समोरच्याची खोटी तारीफ. या पत्रात तारीफ नसतेच. समोरच्यानं आपल्याला अर्धा तास दिला, त्याचे आभार असतात. आणि आपण काय करू शकतो, याची एक खरी गोष्ट असते. अब्बांच्या प्रश्नाचं उत्तर आता मी देऊ शकते. नोकरी दिली नव्हती, पण वेळ दिला होता.

आता दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगते, नाहीतर मी तुम्हाला फसवल्यासारखं होईल.

पत्रानं भेदभाव संपत नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा एक अभ्यास 2007 मध्ये इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीमध्ये आला. त्यात सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी खासगी कंपन्यांना पाठवले होते. उच्चजातीय हिंदू नावाच्या तुलनेत मुस्लिम नावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता साधारण एक तृतीयांश निघाली. दलित नावांनाही फटका बसला होता. 2022 मध्ये लेड बाय फाउंडेशननं असाच अभ्यास मुलींच्या बाबतीत केला. एक हजार जागांसाठी एकसारखे दोन बायोडेटा पाठवले, एक हिंदू नावाचा आणि एक मुस्लिम नावाचा. हिंदू नावाला 208 सकारात्मक उत्तरं आली, मुस्लिम नावाला 103.

म्हणजे तुम्ही मुलाखतीच्या खोलीत पोहोचता, तेव्हा एक अरुंद दार ओलांडूनच आलेले असता. आत बसलेल्यानं नाव वाचूनच मन बंद केलं असेल, तर सहा ओळींचं पत्र ते उघडणार नाही. सरकारी नोकरीत संधीची समानता राज्यघटनेच्या कलम 16 नं दिली आहे. खासगी भरतीत धर्मावरून डावललं तर दाद मागता येईल असा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. तो मागणं हे आपलं सगळ्यांचं मिळून करायचं काम आहे. तेव्हा नोकरी मिळाली नाही तर "मी पत्र नीट लिहिलं नसेल" असा दोष स्वतःला देत बसू नका. पण मघाशी सांगितलं, तशी संध्याकाळ सहाची वेळ अनेक ठिकाणी येते. मन बंद नसतं, फक्त थकलेलं असतं, आणि तिघे सारखे असतात. तिथे पत्राचा उपयोग होतो. ती संधी सोडू नका.

आता लिहायचं कसं, ते बघू.

मुलाखतीहून बाहेर पडलात की आधी घरी फोन लावू नका. बसस्टॉपवर, चहाच्या टपरीवर, कुठेही बसा आणि मोबाइलमध्ये चार गोष्टी टिपून ठेवा: कोण कोण होतं, कामाबद्दल त्यांनी काय सांगितलं, माझं कुठलं उत्तर चुकलं किंवा अर्धवट राहिलं, आणि मी काय पाठवतो म्हणालो. घरी जाईपर्यंत यातलं अर्धं विसरायला होतं. नावाचं स्पेलिंग कळलं नसेल तर बाहेर पडताना रिसेप्शनवर विचारून घ्या.

पत्र त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवा. आठवड्यानं पाठवलेलं पत्र निर्णय झाल्यावर पोचतं. पाठवायचं ईमेलनं. मुलाखत घेणाऱ्याचा पत्ता नसेल, तर ज्यांनी बोलावणं पाठवलं होतं त्यांनाच लिहा आणि "माझे आभार पॅनेलपर्यंत पोचवावेत" अशी विनंती करा. कॅम्पस मुलाखत असेल तर प्लेसमेंट ऑफिसरांमार्फत पाठवा. दवाखाना, शाळा, छोटा कारखाना, दुकान अशा ठिकाणी सगळा निरोप व्हॉट्सअॅपवरच आला असेल, तर व्हॉट्सअॅप चालेल. पण दिवसा, एकाच मेसेजमध्ये, व्हॉइस नोट न पाठवता, फुलं आणि जोडलेले हात न टाकता. कुणाचा खासगी नंबर शोधून काढू नका. मुलांना मी हे मुद्दाम सांगते: मुलाखत घेणाऱ्या बाईंना इन्स्टाग्रामवर शोधून मेसेज पाठवला, तर तुमचा अर्ज तिथेच संपला.

नमुना म्हणून एक पत्र वाचून दाखवते. एका मुलासाठी आम्ही दोघांनी बसून असं तयार केलं होतं. तपशील थोडे बदलले आहेत.

"विषय: अकाउंट्स असिस्टंट पदाची मंगळवारची मुलाखत, आभार.

आदरणीय मॅडम,

काल मुलाखतीसाठी आपण वेळ दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. आपल्याकडे तिन्ही गोदामांचा साठा महिनाअखेरीस एकत्र जुळवावा लागतो, हे आपण समजावून सांगितलंत. मी सध्या ज्या दुकानात काम करतो, तिथल्या दोन शाखांचा साठा मी रोज टॅलीत नोंदवतो. त्यामुळे हे काम मला ओळखीचं वाटलं आणि ते करायला आवडेल.

जीएसटी रिटर्नच्या प्रश्नाला माझं उत्तर अपुरं राहिलं. जीएसटीआर-1 मध्ये विक्रीचा तपशील जातो आणि जीएसटीआर-3बी मध्ये त्या मुदतीचा गोषवारा देऊन कर भरला जातो, असं मला म्हणायचं होतं.

आपण मागितलेलं अनुभवाचं प्रमाणपत्र सोबत जोडलं आहे. आणखी काही माहिती हवी असल्यास कृपया कळवावं.

आपला विश्वासू," आणि खाली पूर्ण नाव, मोबाइल नंबर.

बस, एवढंच. यात काय आहे बघा. आभार एका वाक्यात. त्या खोलीत ऐकलेली एक गोष्ट, तीन गोदामांची. तिच्याशी जोडलेलं स्वतःचं काम. चुकलेल्या उत्तराची दुरुस्ती, रडगाणं न गाता. कबूल केलेला कागद. पगाराचा विषय नाही, "मला या नोकरीची फार गरज आहे" नाही, "आपण महान आहात" नाही. घरची अडचण खरी असते, मला माहीत आहे. पण ती या पत्रात लिहिली की आभार बाजूला राहतात आणि अर्जविनंती उरते.

पॅनेलमध्ये तिघे असतील आणि तिघांचे पत्ते असतील, तर तिघांना वेगळं लिहा. ज्यानं जो विषय काढला, त्याला त्याबद्दल. ही माणसं शेजारीशेजारी बसतात. एकच पत्र तिघांना गेलं तर त्यांना कळतं.

हल्ली मोबाइलला सांगितलं की तो तयार पत्र लिहून देतो. त्याची मदत घेऊ नका असं मी म्हणणार नाही; व्याकरण तपासायला जरूर घ्या. पण माझ्याकडे आठवड्यात तशी चार पत्रं येतात आणि चारही सारखी दिसतात. मोबाइल त्या खोलीत नव्हता. तीन गोदामांचं वाक्य तुम्हालाच लिहावं लागेल.

आणि भाषा? इथे बरेच जण उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेले आहेत. इंग्रजीत लिहायचं म्हटलं की हात थांबतो. माझाही थांबायचा. आधी पत्र मराठीत किंवा उर्दूत, जे डोक्यात येतं त्यात लिहा. मग छोट्या छोट्या वाक्यांत इंग्रजी करा आणि कुणाकडून तरी एकदा वाचून घ्या. मुलाखत मराठीत झाली असेल तर पत्र मराठीत पाठवायला काहीच हरकत नाही. जड शब्दांची गरज नाही. चूक चालत नाही ती फक्त दोन ठिकाणी: समोरच्याच्या नावात आणि कंपनीच्या नावात. एका उमेदवाराचं छान पत्र आलं होतं, पण त्यात आभार दुसऱ्याच कंपनीचे मानले होते. जुनं पत्र कॉपी करताना नाव बदलायचं राहून गेलं होतं. आम्ही हसलो, आणि त्या हसण्यात त्याची जागा गेली.

स्वतःचं नाव मात्र पूर्ण लिहा. काही मुलं समीरचं सॅम करतात, आडनाव गाळतात. का करतात ते मला समजतं, आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण त्या टेबलावर आपल्यासाठी बोलायला जे पत्र पाठवतो, त्याच्याखाली आपलंच नाव असावं, असं मला वाटतं.

पत्र कुठे पाठवायचं नाही, हेही लक्षात ठेवा. यूपीएससी, एमपीएससी, सरकारी बँका यांच्या भरतीत मुलाखत घेणाऱ्यांशी परस्पर संपर्क साधू नका. आभारासाठीसुद्धा नाही. वशिला लावण्याचा कसलाही प्रयत्न केला तर उमेदवार अपात्र ठरतो, असं त्या जाहिरातींमध्ये लिहिलेलं असतं. तुमचं साधं पत्रही त्यात धरलं जाऊ शकतं. तिथे नियमच तुमचं संरक्षण आहे.

आणखी एक प्रसंग. मागे एका मुलीनं मला विचारलं, "मॅडम, मुलाखतीत कामाचं एक विचारलं आणि हिजाबचं पाच वेळा विचारलं. मी आभार कशाचे मानू?" मी तिला म्हणाले, मानू नकोस. आभार हे कर्ज नाही. जिथे अपमान झाला तिथे पत्र लिहिलंच पाहिजे असं काही नाही. त्याऐवजी काय काय विचारलं ते तारखेसकट लिहून ठेव. मोठी कंपनी असेल आणि वाटलं, तर त्यांच्या एचआर प्रमुखांना शांत शब्दांत कळव. पण प्रत्येक प्रश्न अपमान नसतो, हेही मी तिला सांगितलं. "शुक्रवारी दुपारी नमाजला जावं लागेल का?" असं कुणी विचारलं, तर कदाचित त्याला पाळीच लावायची असते. त्याचं उत्तर सरळ द्यावं, की जेवणाच्या सुट्टीत जाऊन येईन, वेळ भरून काढीन. मुलाखतीत हे बोलायचं राहिलं, तर पत्रात न घालता नोकरीचा देकार आल्यावर समोरासमोर बोलावं.

पत्र पाठवलं, मग पुढे काय? त्यांनी सांगितलेली मुदत संपेपर्यंत गप्प राहा. मुदत टळली तर चार-पाच दिवस थांबून एकदा विचारा. एकदाच. रोज फोन करणाऱ्याचं नाव आमच्या लक्षात राहतं, पण चांगल्या कारणासाठी नाही.

नकार आला तरी उत्तर द्या. तीन ओळी पुरतात: कळवल्याबद्दल आभार, कुठे कमी पडलो ते सांगितलंत तर उपयोग होईल, पुढे जागा निघाली तर माझा विचार व्हावा. बहुतेक वेळा काही उत्तर येणार नाही. दहातून एकदा येईल. माझं टॅली त्या एकातून आलं. निवडलेला उमेदवार कधीकधी रुजूच होत नाही, हेही आम्ही नेहमी बघतो. मग आम्ही जुने अर्ज पुन्हा काढतो, आणि नकारानंतरही नीट बोललेला माणूस पहिल्यांदा आठवतो.

शेवटी, मुलाखत घेणाऱ्याचे आभार मानताना ज्यांनी तुम्हाला तिथपर्यंत पोचवलं त्यांना विसरू नका. जाहिरातीचा फोटो पाठवणारी मैत्रीण, रेफरन्स म्हणून स्वतःचा नंबर देणारे सर, रात्री बायोडेटा तपासून देणारा शेजारचा भाई. आपण त्यांच्याकडे काम असताना जातो आणि निकाल काय लागला ते कळवतही नाही. त्यांना कळवा, नोकरी लागो वा न लागो. मला पत्र लिहायला सांगणाऱ्या सरांना कंपनीचं उत्तर दाखवायला मी तीन महिने लावले होते, त्याची मला आजही लाज वाटते.

तुमच्यातले काही जण आठ-दहा वर्षांनी त्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतील. तेव्हा कुणीतरी म्हणेल, "हा आपल्या ओळखीचा आहे." तेव्हा तुम्ही म्हणा, "थांबा, बाकीच्या दोघांनी काय लिहिलंय तेही वाचू." मग ते दोघे कुणीही असोत, कुठल्याही जातीधर्माचे असोत.

आता प्रश्नांकडे वळण्याआधी एक काम. ज्यांनी गेल्या आठवड्यात मुलाखत दिली आहे, त्यांनी मोबाइल काढा. समोर कोण होतं आणि त्यांनी कामाबद्दल काय सांगितलं, एवढं लिहा. पाच मिनिटं देते. बाकीच्यांनी रेफरन्स देणाऱ्या सरांना मेसेज लिहा. मी फिरून बघते.